शक्कर नहीं, चीनी

आमच्या घरात उंबऱ्याच्या आत मराठी आणि उंबऱ्याबाहेर हिंदी, हा नियम यांचाच. माझं माहेरही जबलपुरातच, त्यामुळे वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत संपवायची मला लहानपणापासूनची खोड. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात यांनी मला त्यावरून टोकलं होतं. पुढे मुलगी शाळेतून "मम्मी, भूख लगी" करत आली की हे तिला दारातच अडवायचे. "कोणाला काय झालं?" असं विचारायचे आणि ती मराठीत सांगेपर्यंत आत सोडायचे नाहीत. मुलीला मराठी समजायला लागली, बोलायला ती फारशी शिकली नाही. यांनी हट्ट मात्र सोडला नाही.

यंदा होळीच्या सुमारास यांना लकव्याचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचाही गेली. काही महिन्यांनी थोडे शब्द परत आले, तर ते सगळे हिंदी. जिच्यासाठी आयुष्यभर दारात पहारा दिला ती मराठी आलीच नाही, फॅक्टरीतली हिंदी तेवढी आली. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी, मेंदूचं काही सांगता येत नाही. मला हे पूर्वी 'अगं' म्हणायचे. आता 'भैया' म्हणतात. जबलपुरात रिक्षावाल्यापासून कलेक्टरपर्यंत सगळेच भैया, त्यात मीही एक. सुरुवातीला मला हसू यायचं, मग काही दिवस रडू यायचं, आता काहीच येत नाही.

यांना उठवायचं, तोंड धुवायचं, अंघोळ घालायची, भरवायचं, जिना उतरून औषधं आणायची, परत चढायचं, व्यायाम करून घ्यायचे, पुन्हा भरवायचं. मी शाळेतून निवृत्त झाले तेव्हा मैत्रिणी म्हणाल्या होत्या, आता काय, आरामच आराम. त्यांचा शाप लागला असं म्हणायला हरकत नाही. संध्याकाळी सगळं आटपून यांच्या पायांना तेल लावायला बसले की हे न चुकता म्हणायचे, "भैया, छुट्टी."

फॅक्टरीचा भोंगा यांच्या डोक्यात अजून वाजतोय, अशी माझी समजूत. "झाली छुट्टी," मी म्हणायची, "रिटायर होऊन किती वर्षं झाली तुम्हाला." हे मान हलवायचे आणि पुन्हा, "छुट्टी." मग मी लहान मुलाला म्हणावं तसं "हो, हो" म्हणायची आणि दुसरा पाय घ्यायची.

आता मधमाश्यांचं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. नेपियर टाउनात आमचं घर वरच्या मजल्यावर. खाली दवाखाना, समोर कोचिंग क्लास, दिवसभर स्कूटरींचा गोंगाट. पण गच्ची आमच्या वाट्याची, आणि गच्चीच्या कोपऱ्यात यांची माश्यांची पेटी. हा नाद यांना फॅक्टरीतल्या एका सरदारजींनी लावला. ते शेजारच्या मशीनवर काम करायचे, पंजाबातल्या कुठल्याशा खेड्याचे. माश्यांबद्दल यांना जे काही येत होतं ते सगळं सरदारजींच्या तोंडून, त्यांच्याच भाषेत आलेलं. गच्चीवर दोघं जमले की घरातला मराठीचा नियमही हे विसरायचे. मुलीसाठी स्थळ बघावं इतक्या गंभीरपणे राणीमाशीची चर्चा चालायची. सरदारजी वारले, पेटी राहिली.

मी त्या पेटीच्या वाटेला कधी गेले नाही. एकदा पापणीवर माशी चावली होती. तेव्हापासून वाळलेले कपडे काढायलाही डोक्यावरून पदर घेऊनच जायची. पावसाळ्यात फुलं नसतात तेव्हा हे पेटीत कसलंसं गोड पाणी ठेवायचे, एवढं मी लांबून पाहिलेलं. थंडीत तर पेटी घरात नसायचीच. शहपुऱ्याला ओळखीच्या एका शेतकऱ्याची मोहरी असते, ती फुलायला आली की हे पेटी तिकडे नेऊन ठेवायचे आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत आणायचे. यंदा झटका आला तेव्हाही पेटी तिथेच होती. शेतकऱ्यानं ती पावसाळाभर सांभाळली.

दसऱ्यानंतर मीच फोन करून ती परत मागवली. डोक्याला आणखी एक ताप कशाला, असं कोणीही म्हणालं असतं, आणि मुलगी म्हणालीच. पण दवाखान्यातून घरी आल्यापासून हे गच्चीच्या दारात खुर्चीवर बसायचे आणि पेटीच्या रिकाम्या तिवईकडे बघत राहायचे. टीव्हीकडे बघत नसत, माझ्याकडे बघत नसत. पेटी तिवईवर ठेवली त्या दिवशी यांनी डावा हात वर केला. इतक्या महिन्यांत यांनी आपणहून केलेली ती पहिली गोष्ट. मला फार बरं वाटलं.

शेतकरी जाताना म्हणाला, "दीदी, मक्खियाँ कमजोर हैं. सरसों अभी दूर है. ठंड के पहले इनको खिलाना पड़ेगा."

"क्या खिलाना पड़ेगा?"

"अरे, कुछ भी मीठा," तो म्हणाला आणि गाडीला किक मारून निघून गेला.

'काहीही गोड' म्हणजे काय, हे ठरवायला मला दिवाळी लागली. फोनवर व्हिडिओ बघितले. एकजण म्हणत होता साखर म्हणजे विष, माणसालाही आणि माशीलाही. दुसरा छाती ठोकून सांगत होता की गुळात लोह असतं, गूळच द्या. तिसरा कोणी परदेशी पाहुणा बर्फात उभा राहून काहीतरी पांढरं भरवत होता, तिथंच मी फोन बंद केला. विकतचा मध द्यावा, तर त्यातून रोग येतो म्हणे. शिवाय माश्यांचा माल त्यांच्याच तोंडात पैसे मोजून घालायचा हे मला काही पटेना. स्वयंपाकघरात ओट्यावर मी साखर, खडीसाखर, गूळ असं सगळं मांडून बसले. फराळ करायचं सोडून माश्यांचं केळवण करून राहिले, असं माझं मलाच वाटलं.

मुलीचा व्हिडिओ कॉल आला. ती पुण्यात असते. पुण्यात तरी हिची मराठी सुधारेल, अशी यांना आशा होती, पण तिचं ऑफिस चालतं इंग्रजीत आणि घर हिंदीत.

"मम्मी, तू हे काय करून राहिली? ती पेटी शहपुऱ्यालाच देऊन टाक ना. हमेशा के लिए."

"आणि हे दिवसभर कशाकडे बघतील?"

"मम्मी, पापांना समझत नाही अब कुछ. ते जे बोलतात ना, त्याचा मतलब नसतो. शब्द अटकते हैं, बस. तू उगाच मतलब काढते."

"काहून गं? त्यांना भूक लागली की ते 'खाना'च म्हणतात."

"अच्छा? और तुझे भैया बोलते हैं, उसका क्या मतलब?"

पोरीचं चुकीचं नव्हतं. तिला माझी काळजी होती, आणि लांबून काळजी करणाऱ्याला सगळं लवकर उरकायचं असतं. पण मला ते पटवून घ्यायचं नव्हतं. यांच्या बोलण्याला अर्थच नसेल, तर सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी बोलते कोणाशी? अंघोळ मी कोणाला घालते? काम मी कितीही केलं असतं. पण समोर कोणी नाही असं धरून करायचं म्हटलं तर माझ्याच्यानं एक दिवस झालं नसतं.

म्हणून मी ठरवलं, यांनाच विचारायचं. माश्या यांच्या, यांनाच माहीत. मराठी यांच्यापर्यंत पोचते की नाही याची खात्री नव्हती म्हणून स्वयंपाकघराच्या दारातूनच हिंदीत विचारलं, "मक्खियों को शक्कर दे दूँ?"

हे बराच वेळ विचार करत राहिले. चेहरा असा झाला की आत कुठेतरी जुनी ट्रंक उघडून हात घालतायत. मग स्पष्ट म्हणाले, "नहीं. शक्कर नहीं."

"नहीं? तो फिर क्या?"

डाव्या हाताचं बोट वर करून हे म्हणाले, "चीनी."

आता माझी अडचण बघा. तीसेक वर्षं मी मुलींच्या शाळेत हिंदी शिकवली. पर्यायवाची शब्द हा माझा हुकमी धडा. शक्कर, चीनी, शर्करा, हे दरवर्षी मुलींकडून घोकून घेतलेलं. जबलपुरात साखरेला शक्करच म्हणतात, चीनी म्हणजे तीच, फक्त पुस्तकातली. मग शक्कर नको आणि चीनी हवी, याचा अर्थ काय? एकच वस्तू नको आणि हवी कशी असेल? हे जे काही सांगतायत ते साखरेबद्दल असणारच नाही, असं माझ्यातल्या मास्तरणीनं ठरवून टाकलं. आणि यांचं बोट होतं कपाटाच्या दिशेनं. कपाटात वरच्या फळीवर लग्नात आलेला चिनी मातीचा सेट होता, त्यातली एकच खोल बशी धड उरलेली. मला एकदम उलगडा झाला. चिनी मातीची बशी! पेटीत धातूचं भांडं चालत नाही असं हे मागे कधीतरी म्हणाले होते, असंही मला आठवलं, किंवा मी ते आठवून घेतलं.

म्हणजे साखर नको, आणि द्यायचं ते चिनी मातीच्या बशीत. उरला गूळ. घरात करेली गावचा गूळ होता, चांगला पिवळाधमक, आम्ही स्वतःसुद्धा जपून खातो असा. तो किसला, पाण्यात विरघळवला, गाळला. यांच्या बोलण्यातून इतकं नेमकं कळलं म्हणून मला मुलीला लगेच फोन करून सांगावंसं वाटलं. केला नाही हे बरं झालं.

दिवस मावळायला आला तेव्हा पदर घट्ट गुंडाळून मी पेटीचं झाकण उघडलं. माश्या बुडू नयेत म्हणून बशीत कडुलिंबाच्या काड्या टाकल्या होत्या, हेही व्हिडिओतलंच. पेटीत ठेवायच्या आधी मी ती बशी कौतुकानं यांच्यापुढे धरली. "बघा, चीनी."

यांनी बशीत पाहिलं आणि हे ओरडले, "शक्कर! शक्कर नहीं!"

"नाही हो, शक्कर नाही टाकली. गूळ आहे. गुड़. गुड़ है."

"शक्कर!" यांनी डावा हात असा मारला की अर्धी बशी माझ्या साडीवर सांडली. उठायचा प्रयत्न केला, उठता आलं नाही, तोंडातून लाळ गळायला लागली. "शक्कर! शक्कर! भैया, शक्कर!" आणि मग हे रडायला लागले.

मी हात टेकले. गुळाकडे बघून माणूस साखर साखर ओरडतो, मग पोरगी म्हणते तेच खरं. शब्द अटकलाय. सकाळी 'शक्कर' म्हणाले, आता संध्याकाळभर तोच निघणार. यांना खुर्चीसकट आत ओढलं, तोंड पुसलं, साडी बदलली, बशी पुन्हा भरून पेटीत ठेवली आणि झाकण लावलं. त्या संध्याकाळी पायांना तेल लावताना हे "छुट्टी" म्हणाले तेव्हा मी "हो, हो" सुद्धा म्हटलं नाही.

पुढचे काही दिवस मी रोज संध्याकाळी बशी भरत राहिले. माश्या पीत होत्या, म्हणजे आवडत असणार. हे आता ओरडत नव्हते. मी बशी घेऊन निघाले की तोंड फिरवून भिंतीकडे बघायचे. मग गच्चीवरच्या पांढऱ्या चादरींवर बारीक तपकिरी ठिपके दिसायला लागले. मला वाटलं धूळ. धुतल्या, वाळत घातल्या, परत ठिपके. मग पेटीच्या दारावर तसेच ओघळ दिसले. पेटीखाली मेलेल्या माश्या पडायला लागल्या, काही नुसत्याच सरपटत होत्या, पोटं फुगलेली. मी केरसुणीनं त्या लोटायची आणि हे खुर्चीतून बघायचे. पंजातला जीव गेलेला उजवा पाय डाव्या पायानं मागे ओढून घ्यायचे, सरपटणारी एखादी पायाखाली येऊ नये म्हणून. हे मला दिसत होतं. ज्याला काही समजत नाही तो माणूस असं करत नाही, हेही कळत होतं, पण तेव्हा मी इतकी दमले होते की कळलेल्याचं काही करायची ताकद नव्हती.

मुलीला ठिपके दाखवले. ती म्हणाली, "मम्मी, प्लीज. रविवारी शहपुरावाल्यांना बोलाव आणि पेटी पाठवून दे. सगळ्या मेल्या तर पापांना अजून वाईट वाटेल ना."

मी शहपुऱ्याला फोन केला. शेतकरी म्हणाला, रविवारी येतो. पेटी त्याला कायमची द्यायचं ठरलं. मी यांना सांगितलं नाही. सांगून तरी काय, असं मला पहिल्यांदाच वाटलं, आणि ते वाटलं याचं मला फार वाईट वाटलं.

रविवारच्या आधी शिखांचा सण, गुरुपरब, आला. सरदारजींची बायको मागच्याच गल्लीत राहते, दरवर्षी या दिवशी काही ना काही घेऊन येते. यंदा गुडघे धरून जिना चढून आली, धापा टाकत गच्चीच्या दारात यांच्याशेजारी बसली आणि पदराखालून झाकलेली वाटी काढली.

"लो जी भाई साहब. जाड़ा आ गया. घी-शक्कर लाई हूँ, रोटी के साथ खाना. मेरे भाई ने भेजी है पिंड से, अपने गाँव से, नई शक्कर."

यांना डायबिटीस नाही हे नशीब, असं म्हणत मी वाटी हातात घेतली. झाकण काढलं. आत तुपात भिजलेली तांबूस तपकिरी भुकटी होती. वास गुळाचा.

"भाभीजी, यह तो गुड़ है."

"गुड़ नहीं जी, शक्कर. गुड़ तो डली होती है. यह शक्कर."

हे वाटीकडे बघत होते. डावं बोट वाटीवर नेऊन, शांतपणे, एकदाच म्हणाले, "शक्कर."

"हाँ जी, शक्कर," ती म्हणाली.

दोघांचं एकमत झालं. त्या गच्चीवर अर्थ न कळणारी मी एकटीच होते.

मी तिला विचारलं, "और वह सफेद वाली? चाय वाली?"

"वह तो चीनी है," ती म्हणाली. मी वेडी झाले की काय, अशा नजरेनं तिनं माझ्याकडे बघितलं. "तुम लोग यहाँ शक्कर बोलते हो उसको. मुझे तो शादी के बाद दुकान पर बड़ी परेशानी हुई थी. शक्कर माँगो तो चीनी दे देते थे."

"और मक्खियों को क्या देते थे सरदारजी?"

"चीनी का शरबत. शक्कर तो हाथ नहीं लगाने देते थे, कहते थे, पेट चल जाता है उनका." मग यांच्याकडे वळून, "है ना भाई साहब? आपको तो सब याद होगा."

यांनी मान हलवली. हो म्हणून.

मी उठले. स्वयंपाकघरात जाऊन साखरेचा डबा आणला आणि यांच्या मांडीवर ठेवून झाकण उघडलं. यांनी आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. ढ मुलीला शेवटी एकदाचं उत्तर आलं की मी वर्गात बघायची, अगदी तसंच. "चीनी," हे म्हणाले.

तेव्हा मला पहिल्यांदा काय आलं म्हणाल तर राग. पर्यायवाची शब्दांचा, त्या धड्याचा, माझ्या हुशारीचा. गुळाच्या बशीकडे बघून हा माणूस जीव तोडून सांगत होता की हे माश्यांना देऊ नकोस. सरदारजींकडून आलेला नेमका शब्द, नेमक्या वस्तूला. आणि मी तो शब्द अटकलाय म्हणून तोंड पुसून आत नेलं होतं. मग रडू आलं. सरदारजींची बायको काही न विचारता माझ्या पाठीवर हात फिरवत बसली. तिला वाटलं, मला यांच्या दुखण्याचं रडू आलंय.

त्याच दुपारी पाक केला. दोन वाट्या साखरेला एक वाटी पाणी, पाणी उकळून गॅस बंद करून मग साखर. प्रत्येक पायरीला मी डबा, वाटी, पातेलं यांच्यापुढे नेऊन दाखवत होते आणि हे मान हलवत होते किंवा "नहीं" म्हणत होते. कोमट पाक घेऊन निघाले तर "नहीं." गार केला तर "हाँ." आधी पेटीतली बशी काढून धुतली, ओघळ ओल्या फडक्यानं पुसले, खालचा तळ खरवडला. पदर घेतला नव्हता हे नंतर लक्षात आलं. बशी मात्र तीच ठेवली, चिनी मातीची. या वेळी बशी पुढे धरली तेव्हा यांनी नुसता डावा हात वर केला.

शेतकऱ्याला फोन करून सांगितलं, रविवारी येऊ नको, मोहरी फुलली की ये आणि नंतर परत आणून दे. मुलीलाही सांगितलं. ती म्हणाली, "मतलब पापा सही बोल रहे थे?" आणि थोड्या वेळानं, अडखळत, मराठीत, "मम्मी, बाबांना सांग, मला माफ करा." मी फोन यांच्या कानाशी धरला. यांनी ऐकलं की नाही, सांगता येत नाही.

निम्म्याहून जास्त माश्या गेल्या. उरल्या त्या निभावतील की नाही, थंडी सरेपर्यंत कळायचं नाही. पण चादरींवरचे ठिपके थांबले, आणि उन्हं जरा तापली की पेटीच्या दारात ये-जा दिसते. हे बघत बसतात. मीही आता अधूनमधून बघते.

परवाचीच गोष्ट. पेटीत पाक ठेवला, दूध गॅसवर चढवलं आणि गच्चीच्या दारातच यांच्या पायांना तेल लावायला बसले. कंबर दुखत होती, हाताला पाकाचा चिकटपणा होता, डोळ्यांपुढे बारीक काळं येत होतं. हे नेहमीसारखं म्हणाले, "भैया, छुट्टी."

"हो, हो," माझ्या तोंडून निघालं. आणि मग मी थांबले. शब्द परत आल्यापासून रोज ऐकत आलेय, आणि एकदाही विचारलं नव्हतं.

"किसकी छुट्टी?" मी म्हटलं. "आपकी?"

"नहीं."

"फॅक्टरी की?"

"नहीं." यांनी डावा हात उचलला. तो हवेत जरा भरकटला, मग माझ्या डोक्यावर येऊन टेकला. जड होता. "छुट्टी," हे म्हणाले. माझ्या हातातली तेलाची वाटी यांनी बोटानं बाजूला सरकवली. "बस. छुट्टी."

इतके महिने हा माणूस रोज संध्याकाळी मला पुरे म्हणत होता, आणि मी त्याला रिटायर झालात म्हणून समजावत होते.

"घेते," मी म्हटलं. मराठीतच म्हटलं. यांच्या खुर्चीच्या पायाला पाठ टेकून तिथंच जमिनीवर बसले. आत दूध उतू गेल्याचा वास आला, जळल्याचाही आला, तरी उठले नाही.